टाळ हातात आला की

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. सोहळ्यात कोण कशावर बोलणार याची यादी झाली, तेव्हा समितीतल्या गुरुजींनी आमच्या नावापुढं विषय लिहून ठेवला, शाळेतल्या मुलांना कला आणि संगीताच्या वर्गाचा काय उपयोग होतो. आम्ही म्हटलं, गुरुजी, आम्ही चौथी शिकलेला माणूस. शाळेवर बोलायचं तर शाळेत टिकलेल्या माणसानं बोलावं. तर गुरुजी म्हणाले, "बुवा, टिकलेल्यांचं आम्ही बघतो. निसटलेल्यांचं तुम्हाला ठावं हाय." त्यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून उभे राहिलो. हे कीर्तन नव्हे, त्यामुळं मागं मृदंग नाही. बोलताना चुकलं तर झाकून घ्यायला कुणी नाही, तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही शाळेत होतो ते १९७० च्या आसपास. आमची जागा भिंतीकडंच्या शेवटच्या पट्टीवर. अक्षर लागायचं, पण उभं राहून वाच म्हटलं की घसा सुकायचा. गुरुजी वाईट नव्हते, त्या काळी होते तसेच होते. प्रश्न आला की आम्ही पुढच्या पोराच्या पाठीआड व्हायचो. चार वर्षांत आम्ही वर्गात आपणहून किती वेळा तोंड उघडलं असेल ते दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येईल. चौथी झाली, थोरला भाऊ मळ्यात एकटा पडला, आणि आमचं दप्तर खुंटीला लागलं. खरं सांगायचं तर वाईट वाटलं नाही. सुटलो असंच वाटलं.

तेच पोरगं संध्याकाळी ह्याच सभामंडपात यायचं. तेव्हा इथं फरशी नव्हती, शेणानं सारवलेली जमीन होती. आमचे आज्जे वीणेकरी. त्यांनी एक दिवस हातात टाळ दिला आणि दोन जुन्या टाळकऱ्यांच्या मध्ये उभं केलं. शिकवलं असं काहीच नाही. डावीकडचा वाजवतोय, उजवीकडचा वाजवतोय, मधल्याचा हात आपोआप तिकडं ओढला जातो. चुकलं तर कुणी थांबवत नाही, कारण थांबवलं तर भजनच थांबेल. पुढच्या ठेक्याला परत धरायचं. महिन्याभरात हात बसला. वर्षाभरात हरिपाठ तोंडपाठ झाला. ज्याला सातचा पाढा येत नव्हता त्याला सगळा हरिपाठ कसा आला, हे कोडं आमच्या आईला शेवटपर्यंत सुटलं नाही.

आम्हाला पुढं सुटलं. शाळेत आम्ही एकटे उभे राहायचो आणि चाळीस पोरं बघायची. इथं चाळीस जण उभे राहायचे आणि बघायला फक्त पांडुरंग. त्याची कुणाला भीती वाटत नाही.

आता हे आमच्यापुरतं झालं. जरा मोठ्या माणसाची गोष्ट सांगतो, आणि ती आपल्या जिल्ह्यातलीच आहे. शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ कुरुंदवाड आहे. तिथं १८७२ साली विष्णू दिगंबर पलुसकरांचा जन्म झाला. त्यांचे वडील कीर्तनकार होते, हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आमच्या जातीची माणसं म्हणून आम्हाला त्याचा अभिमान. जात म्हणजे कीर्तनकाराची जात, दुसरा अर्थ घेऊ नका. पोरगं शाळेत जात होतं. एके दिवशी फटाका तोंडाजवळ उडाला आणि डोळे गेले, म्हणजे अगदी आंधळं झालं नाही, पण पुस्तक वाचण्यासारखी नजर राहिली नाही. शाळा बंद. अशा पोराचं त्या काळी काय व्हायचं? देवळाच्या पायरीवर बसायचं. पण त्याला मिरजेला पाठवलं, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकायला. बुवा त्या काळातले फार मोठे गवई. शिकवणं कडक. बरीच वर्षं विष्णू तिथं राहिला आणि गवई होऊन बाहेर पडला.

इथपर्यंत एका हुशार पोराची गोष्ट झाली. अशा गोष्टी पुष्कळ असतात. आम्हाला पुढचं महत्त्वाचं वाटतं. तेव्हा गाणं शिकायचं म्हणजे एखाद्या उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं सेवा करायची. पाणी भरायचं, पाय चेपायचे, आणि त्यांची मर्जी झाली तर एखादी चीज पदरात पडायची. ज्याला हे जमलं नाही त्याला गाणं मिळालं नाही. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. शाळेसारखी शाळा. ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यास, पुस्तकं, स्वर लिहून दाखवायची रीत. फी भरून कुणीही यावं आणि शिकावं. ज्या माणसाची स्वतःची शाळा डोळ्यापायी सुटली, त्यानं गाण्याची शाळा काढली. १९०८ साली मुंबईत काढली. तिथल्या इमारतीपायी कर्ज झालं आणि ती वास्तू हातची गेली, पण शिष्य तयार झाले होते. १९३१ साली मिरजेतच त्यांनी देह ठेवला, आणि त्याच साली शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. आज आपल्या गावातली एखादी पोरगी पेटीची किंवा तबल्याची परीक्षा देते, प्रारंभिक, प्रवेशिका, विशारद, ती बहुतेक ह्याच मंडळाची असते. पंढरीच्या वाटेवर आपण मिरजेत वीणा दुरुस्तीला देतो, तंबोऱ्याच्या भोपळ्यांची दुकानं बघतो. ह्याच गावात ते पोरगं चाचपडत शिकलं, एवढं पुढच्या वारीला लक्षात ठेवा.

आपल्या संस्थानाचंही सांगायला पाहिजे. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत घातलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया, बरं का! त्याच महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापुरात आणलं, पॅलेस थिएटर बांधलं, खासबागेचं मैदान केलं. म्हणजे शाळाही पाहिजे, गाणंही पाहिजे, कुस्तीही पाहिजे. ते थिएटर म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते जळालं तेव्हा शहरातली माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. आणि योगायोग बघा, ज्या १९१७ साली महाराजांनी सक्तीची शाळा केली त्याच साली आळंदीला जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. गरिबाघरची पोरं तिथं जातात, चार वर्षं राहतात, गायन, मृदंग, ग्रंथ शिकून कीर्तनकार होऊन येतात. आम्हाला तिथं जायला मिळालं नाही, ऊस आडवा आला. पण आमचे गुरू तिथले.

कोल्हापूर शहरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं. लीलाताई शिक्षकांच्या शिक्षिका, साहित्यिक ना. सी. फडक्यांच्या कन्या. पोरांना भीती न घालता, हातांनी करू देत, चित्र-गाणं-नाटक हे अभ्यासातच मिसळून शिकवायचं अशी ती शाळा. आमच्या गुरुजींनी त्यांची पुस्तकं वाचली आहेत, आम्हाला त्यांच्या तोंडून ऐकून ठाऊक. ऐकताना आम्हाला सारखं वाटायचं, अहो हे तर आपल्या सभामंडपातलंच आहे.

आता आपल्या बालपथकाकडं येतो. २०११ साली सुरू केलं. कारण मोठं नव्हतं. दिंडीत टाळकरी म्हातारे व्हायला लागले होते, मागं कुणी दिसेना. तेव्हा हेतू पोरांच्या भल्याचा नव्हता, दिंडीच्या भल्याचा होता. गुरुवारी आणि शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसात. आलं तर आलं, नाही तर नाही. फी नाही. आवाज बघून घ्यायचं नाही, असं ठरवलं होतं. हे शेवटचं लक्षात ठेवा, त्यावर परत यायचं आहे.

पोरांना आल्या आल्या गायला लावत नाही. आधी काम. एकानं मृदंगाच्या धुमाला लावायची कणीक मळायची. एकानं टाळांच्या दोऱ्या तपासायच्या. एकानं सतरंज्या. वीणा जमिनीला टेकवायची नाही हे एकानं बघायचं. जे पोरगं शाळेत काहीच करत नाही, त्याला आम्ही कणीक देतो. कणीक सैल झाली तर मृदंग बोलत नाही, घट्ट झाली तर आवाज कोरडा येतो. आठ दिवसांत त्याला ते कळतं, आणि मग मृदंगवाला त्याच्याशिवाय बसत नाही. आपल्यावाचून अडतं, हे त्या वयात कळणं फार मोठं असतं. गुऱ्हाळावर गुळव्या पोराला काहिलीशेजारी उभं करतो ते असंच. पाक आला का हे पुस्तकात लिहिलेलं नसतं, बघून बघून येतं.

शाळेतल्या बाईंनी एकदा आम्हाला सांगितलं की गुरुवार-शनिवारी हजेरी भरते. आम्हाला खरं वाटेना. मग त्यांनीच उलगडा केला. शाळेत न आलेल्या पोराला संध्याकाळी भजनाला यायची लाज वाटते, कारण सोबतची पोरं विचारतात. आम्ही कधी कुणाला हजेरीचं विचारलं नव्हतं. पोरांनी पोरांना विचारलं.

एक पोरगी होती, बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर तोंडात अडकून बसायचं आणि पोरं हसायची, म्हणून तिनं बोलणंच सोडलं. वर्गात तोंडी परीक्षेला ती रडायची. इथं आली तेव्हा दोन महिने नुसती टाळ धरून. एक दिवस काल्याच्या भजनात आम्ही बघतो तर ओठ हलतायत, आणि आवाज स्वच्छ. बोलताना अडखळणारी पुष्कळ माणसं गाताना अडखळत नाहीत. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, आम्हाला चमत्कार वाटला. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, चमत्कार नव्हे, असं होतं, पण तिला वाचा-उपचारालाही न्या. तिच्या आईनं नेलं. दोन्हींनी मिळून फरक पडला. पुढच्या वर्षी शाळेत प्रतिज्ञा तिनं सांगितली. मध्ये दोनदा अडखळली, थांबली, परत धरलं. ठेका चुकला की परत धरायचा, ही सवय तिला इथं लागली असं ती स्वतः म्हणाली. आता ती मृदंग वाजवते. मुलीच्या हातात मृदंग कसा, असं दोन-चार जुन्या मंडळींनी विचारलं होतं. आम्ही म्हटलं, जनाबाईंना आपण संत म्हणतो आणि ह्या पोरीला मृदंगाला हात लावू देत नाही, हे पांडुरंगाला कसं सांगायचं ते तुम्हीच सांगा. विषय तिथं संपला.

२०१९ चा महापूर कुणी विसरणार नाही. ऑगस्टचा पहिला आठवडा. नदीकडच्या गल्ल्या रिकाम्या केल्या आणि माणसं वरच्या अंगाच्या शाळेत आणली. जनावरं वेगळीकडं, माणसं वेगळीकडं. रात्री वीज नाही. पोरांनी घरात पाणी शिरताना बघितलं होतं, गोठ्यातलं वासरू वाहून गेलेलं बघितलं होतं. रात्री दचकून उठायची. दुसऱ्या रात्री पथकातल्या दोन पोरांनी विचारलं, "बुवा, टाळ आणलेत का?" घरातनं निघताना आम्ही कागदपत्रं विसरलो होतो, पण टाळांची पिशवी खांद्याला होती. वर्गखोलीत कंदील लावून बसलो. जी पोरं कधी भजनाला आली नव्हती तीही आली. दुसऱ्या गल्लीतली, दुसऱ्या धर्माचीही. टाळ कमी पडले तर ताटं-वाट्या घेतल्या. एवढा बेसूर हरिपाठ आम्ही आयुष्यात ऐकला नाही. तासाभरानं पोरं जागच्या जागी झोपली. पाच रात्री असं केलं. पोरांची भीती गेली असं आम्ही म्हणत नाही. एक पोरगं त्यानंतर वर्षभर पाऊस पडला की शाळेत जायचं नाही, त्याला मोठ्या दवाखान्यात दाखवावं लागलं. टाळानं सगळं बरं होतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पण रात्र सरते.

आता आमची चूक सांगतो. गुरुजी म्हणाले होते हे नको बोलू. पण शंभर वर्षांच्या सोहळ्यात नुसतं चांगलं सांगितलं तर ते लग्नातलं भाषण होतं.

२०१६ साली एका ठिकाणी बालभजनाची स्पर्धा होती. मोठं बक्षीस, ढाल, पेपरात फोटो. पोरांना हौस आली. त्यांच्यापेक्षा आम्हाला जास्त आली, हे कबूल करतो. पथकात एकोणीस पोरं होती आणि स्पर्धेत बाराच घेता येत होती. आवाज बघून, हात बघून बारा निवडली. आवाज बघायचा नाही असं आम्हीच ठरवलं होतं, आणि आम्हीच बसून निवडली. सहा जण चिडले, भांडले, आठ दिवसांनी परत आले. सातवा भांडला नाही. सहावीतलं पोरगं. बाप नव्हता. हात कायम पाव ठेका मागं. तीन वर्षं तो यायचा, सगळ्यांच्या आधी, आणि सतरंज्या अंथरायचा. आम्ही त्याला म्हटलं, "ह्या वर्षी ऱ्हाऊ दे रे, पुढल्या वर्षी बघू." तो म्हणाला, "बरं आज्जा." टाळ पुसून पिशवीत ठेवला, दोरी गुंडाळून, नेहमीसारखा. आणि परत आला नाही.

आम्हाला दुसरा नंबर मिळाला. ढाल ऑफिसातल्या कपाटात आहे, जाताना बघा.

दोन महिन्यांनी त्याची आई भेटली. म्हणाली, "भजनाची पोरं मिळून शाळेला जायाची, तवा ह्यो बी जायाचा. आता एकटाच बसतोय." आम्ही त्याच्या घरी गेलो. तो आतल्या खोलीतनं बाहेर आला नाही. दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा भेटला, चहा दिला, भजनाचा विषय काढला की खाली बघायचा. नववीत शाळा सुटली. त्याच वेळी करोना आला, शाळा मोबाईलवर गेली, घरात मोबाईल एक आणि तोही आईच्या कामाचा. टाळ सुटला म्हणून शाळा सुटली असं आम्ही म्हणणार नाही. गरिबी होती, करोना होता. पण त्याला शाळेपर्यंत ओढत नेणारी जी एक दोरी होती ती आम्ही कापली, एवढं आम्हाला ठाऊक आहे. आम्ही स्वतः शेवटच्या पट्टीवर बसलेलो, आणि आम्हीच त्याला तिथं नेऊन बसवलं.

म्हणून आज कुणी विचारलं की शाळेत संगीताचा, चित्राचा वर्ग असावा का, तर आम्ही हो म्हणतो, पण लगेच विचारतो, कुणासाठी? वेळापत्रकात कलेचा तास असतोच. बऱ्याच ठिकाणी तो गणिताला जातो, किंवा गॅदरिंगच्या तालमीला. गॅदरिंगला काय होतं? गोरीगोमटी, नाचता येणारी दहा पोरं स्टेजवर, मोठ्या स्पीकरवर सिनेमाचं गाणं, आणि बाकीची दोनशे खाली बसून टाळ्या. टाळ्या वाजवण्यापुरता सहभाग. ज्याला येतं त्यालाच परत परत संधी, आणि ज्याला येत नाही त्याला परत परत कळवायचं की तुला येत नाही. मग तो कलेचा वर्ग असला काय आणि नसला काय.

आईबाप विचारतात, "बुवा, ह्यानं मार्क वाढत्यात का?" सरळ उत्तर देतो. दहावीला शास्त्रीय कलेचे, लोककलेचे, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे वाढीव गुण मिळतात. अटी काय ते शाळेत विचारा, वेळेत कागद द्या. त्याला आमचा विरोध नाही, गरिबाच्या पोराला पाच मार्क मिळाले तर मिळू देत. पण मार्कांसाठी आलेलं पोरगं मार्क मिळाले की जातं, हेही बघितलं आहे.

आमची धाकटी सूनबाई शिक्षिका आहे. तिनं अमेरिकेतली एक पाहणी वाचून दाखवली. ह्युस्टन नावाच्या शहरात ४२ शाळा आणि दहा हजारांवर पोरं. काही शाळांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून गाणं, नाटक, नाच, चित्र यांची जादा शिकवणी दिली, काहींना नाही, आणि मग दोन्हींची तुलना केली. ती २०१९ साली बाहेर आली. शिकवणी मिळालेल्या शाळांत शिस्तभंगाच्या तक्रारी कमी झाल्या, पोरांचं लिखाण सुधारलं, आणि दुसऱ्याच्या दुःखाची जाण वाढली. आम्ही विचारलं, "आणि गणित?" ती म्हणाली, "गणितात फरक दिसला नाही, मामंजी." आम्हाला ती पाहणी तिथं खरी वाटली. गाण्यानं गणित येतं म्हणणारा माणूस काहीतरी विकायला आलेला असतो. आमच्या देशाचं २०२० चं शिक्षण धोरणही म्हणतं, कला ही अभ्यासाच्या बाहेरची गोष्ट धरू नका. कागदावर चांगलं आहे. पण पोरं तीनशे आणि पेटी एक, ती पण कपाटात कुलूप लावून, असं असलं तर धोरण बिचारं काय करणार. आमच्या ओळखीच्या एका शाळेत पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला तेव्हा कळलं की पेटी होती.

स्पर्धेला आम्ही नंतर पथक पाठवलं नाही. काहींना हे पटलं नाही, पोरं मागं पडतील म्हणाले. ज्यांना स्पर्धा पाहिजे त्यांनी क्लासला घालावं, चांगले क्लास कोल्हापुरात आहेत, १८८३ पासूनचा देवल क्लब आहे. तिथं तयारीचं गाणं शिकावं, आम्हाला आनंदच आहे. पण गावात एक जागा अशी पाहिजे जिथं न येणारा पोरगा उभा राहू शकतो. शंभर वर्षांत आपल्या दिंडीनं कुणाला आवाज चांगला नाही म्हणून रांगेतनं काढलेलं नाही. जुन्या वह्या बघितल्या, पैशाच्या भांडणाच्या नोंदी आहेत, मानापानाच्या आहेत, ही एक नाही. एकदाच काढलं, ते आम्ही.

तो पोरगा आता वीस वर्षांचा आहे. शिरोलीला फौंड्रीत आहे, पाळीनं काम. ह्या आषाढीला पंढरपूरला जायला त्याला रजा नव्हती, म्हणून एकादशीला तो नंदवाळला आला. पुईखडीवर रिंगणाच्या गर्दीत आम्हाला दिसला. आम्हीच पुढं झालो. काय बोलावं सुचेना. पिशवीतनं टाळ काढून पुढं केला. त्यानं घेतला, दोरी बोटाला गुंडाळली, तशीच, जुन्या पद्धतीनं. पाव ठेका अजून मागंच आहे. गेल्या महिन्यापासून पहिली पाळी असली की गुरुवारी येतो आणि बारक्यांना दोऱ्या बांधायला शिकवतो. आम्ही त्याची माफी मागितली का? मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे आज्जा, मला वाजवायला येतच न्हवतं." हे वाक्य आम्हाला रात्री झोपू देत नाही.

आता कामाचं बोलतो आणि बसतो. पथकात सध्या एकतीस पोरं आहेत आणि टाळांचे जोड चोवीस. सात पोरं आळीपाळीनं टाळ्या वाजवतात. शताब्दीच्या निधीत कमानीसाठी रक्कम ठेवली आहे असं ऐकतो. कमान चांगलीच आहे, पण आधी सात जोड घ्यावेत अशी आमची समितीला विनंती आहे. मिरजेच्या दुकानदाराशी बोललो आहे, एकदम घेतले तर दर बरा लावतो म्हणाला. एक मृदंगही शाई उडालेला आहे, तो शाई भरायला द्यायचा आहे. गुरुवारी सहा वाजता सभामंडप उघडा असतो. ज्या घरात न बोलणारं, वर्गात मागं बसणारं पोर आहे त्या आईबापांनी त्याला घेऊन यावं. गाता येतं का हे विचारायचं नाही, आम्हीही विचारणार नाही. कणीक मळायला माणूस लागतोच.

रामकृष्णहरी.